कोरियन वर्गाचा वार्षिक अहवाल

(कच्चा खर्डा. आधी आपल्या भाषेत लिहायचं, मग तिकडच्या भाषेत उतरवायचं, ही माझी चौदा वर्षांची पद्धत.)

रकाना १. अनुदानित कार्यक्रम

कोरियन भाषा आणि संस्कृती, प्राथमिक वर्ग. पैसे कोरियातल्या एका प्रतिष्ठानाचे. शिक्षिका एक, म्हणजे मी. खोली एक, दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या शेजारी.

रकाना २. प्रवेशित विद्यार्थी

विभागप्रमुख सरांनी पेन्सिलने ‘दहा’ लिहून ठेवलं आहे. शेवटी भरते.

रकाना ३. प्रतिष्ठानाकडून मिळालेली पुस्तके

एकशे चाळीस. पैकी उघडलेली, बावीस.

रकाना ४. विद्यार्थी देवाणघेवाण

गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी एक वर्षासाठी कोरियाला पाठवली. शिफारसपत्र माझं. ती आमच्याच मजल्यावर झाडलोट करणाऱ्या मावशींची मुलगी. सातव्या महिन्यात वारली. प्रतिष्ठानाचं पत्र आलं ते एका पानाचं, कोरियनमध्ये. मावशींना ते मीच वाचून दाखवलं, कारण या गावात ते वाचू शकणारी दुसरी कोणी नाही.

“अल्प आजाराने,” मी वाचलं.

“अल्प म्हणजे किती दिवस, बाई?”

“लिहिलेलं नाही.”

“शेवटी जवळ कोण होतं तिच्या?”

“तेही नाही लिहिलेलं.”

“मग विचारा ना त्यांना. तुम्हाला येतं की लिहिता.”

मी त्याच दुपारी मेल लिहिला. सरांना दाखवला. सर म्हणाले, “मॅडम, पुढच्या तीन वर्षांची मंजुरी त्यांच्या टेबलावर पडलीये. आत्ता हे नको. मंजुरी येऊ दे, मग खुशाल पाठवा.” माझी नोकरी त्या मंजुरीवर चालते. मेल मसुद्यांत राहिला. मावशींना सांगितलं, उत्तर आलं नाही.

दर सोमवारी त्या विचारायच्या. दर सोमवारी उत्तर आलेलं नसायचं.

मग एके दिवशी त्या वर्गात शिरल्या, झाडू दाराशी उभा केला आणि शेवटच्या बाकावर बसल्या. मला वाटलं, पाय दुखत असतील.

रकाना ५. अध्यापनातील नवे उपक्रम

मावशी रोज यायला लागल्या. मुलीची वही होती, तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहायच्या. पहिले दोन महिने अक्षरं. झाडता झाडता पुटपुटायच्या. शिपाई म्हणायचा, “मावशी, मंत्र चाललेत का?” त्या म्हणायच्या, “हो, तुला गप्प बसवायचा.”

मी समजले, दुःख आहे, कुठेतरी जिरवतेय बिचारी. सर वेगळं समजले. सर म्हणाले, “वा, एक खुर्ची भरली.”

रकाना ६. प्रतिष्ठानाच्या प्रतिनिधींची भेट

अट अशी की वर्गात किमान दहा जण हवेत. माझ्याकडे खरे चार. पाहुणे येणार म्हटल्यावर सरांनी दोन कारकून, शिपाई, ड्रायव्हर आणि झेरॉक्सवाला गोळा केले. मावशी धरून दहा. आठ दिवस मी त्यांच्याकडून एकच वाक्य घोटून घेतलं. पाहुणे विचारणार, तुम्ही कोरियन का शिकता? उत्तर: मला कोरियन संस्कृती आवडते.

“आधी नमस्कार करायचा. आन्न्योंग हासिम्निक्का.”

“एवढा लांब?” ड्रायव्हर म्हणाला. “बाई, नमस्कार पुरा होईस्तोवर समोरचा गाडीत बसून गेलेला असेल.”

“आणि मी काय आवडतं म्हणतोय ते तरी सांगा,” झेरॉक्सवाला म्हणाला. “उद्या घरी कळलं तर पंचाईत.”

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. तास संपल्यावर थांबल्या आणि विचारलं, मोठ्या माणसाशी बोलताना क्रियापद कसं बदलतं. मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मी बॅग उचलून निघाले.

रकाना ७. भेटीचा वृत्तांत

पाहुणे साठीचे, थकलेले, चष्मा नाकावर घसरलेला. नमस्कार सगळ्यांना जमला. ड्रायव्हरला तर फारच जमला. पाहुणे बाकाबाकाशी थांबत होते, तोच प्रश्न विचारत होते, तेच उत्तर घेत होते. नऊ वेळा. त्यांना कळलं असणार. नवव्याला त्यांनी नुसती मान हलवली.

शेवटच्या बाकाशी आले.

मावशी उभ्या राहिल्या. कमरेत वाकल्या. आणि म्हणाल्या, कोरियनमध्ये:

“माझी मुलगी तुमच्याकडे शिकायला आली होती. ती तिथे वारली. शेवटी तिच्याजवळ कोण होतं?”

एकही चूक नव्हती. कर्ता, कर्म, क्रियापद, आदर, सगळं जिथल्या तिथे. चौदा वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने पाहुण्यासमोर असं सलग, स्वतःचं, वाक्य बोललेलं नाही.

सर शिकवतात ती भाषा दुसरी. कोरियनचं त्यांना ओ की ठो कळत नाही. एवढं लांबलचक ऐकून ते खूश झाले. “वा मावशी,” म्हणाले, आणि टाळ्या वाजवल्या. मग कारकुनांनी वाजवल्या. मग सगळ्यांनी.

पाहुण्यांनी चष्मा काढला. टाळ्या थांबेपर्यंत थांबले. मग मावशींकडे बघून, कोरियनमध्येच, सावकाश बोलले. ती फाइल त्यांच्याच हातून गेली होती. चार दिवस ताप होता. तिने कार्यक्रमाच्या कचेरीत दोनदा फोन केला. मोठी सुट्टी होती, कचेरी बंद. वसतिगृह रिकामं झालेलं. पाचव्या दिवशी तिथला कारकून गेला तो हजेरी कमी पडल्याची नोटीस द्यायला. दुसऱ्या किल्लीने दार उघडलं. जवळ कोणीही नव्हतं. एवढं बोलून ते वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

“काय म्हणाले, बाई?”

सगळे माझ्याकडे बघत होते. सरही, तोच हसरा चेहरा घेऊन.

“मैत्रीण होती म्हणतात जवळ,” मी म्हणाले. “एका दिवसाचाच आजार. फार त्रास झाला नाही.”

मावशी माझ्याजवळ सरकल्या. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं, म्हणाल्या:

“आमुदो म्हणाले ना ते? कोणी नाही. नववा धडा. रिकाम्या खोलीचं चित्र आहे त्यात.”

तो धडा मीच शिकवला होता. चित्रात खिडकी आहे, टेबल आहे, पलंग आहे. खोलीत कोण आहे? खोलीत कोणी नाही. दहा वेळा म्हणून घेतलं होतं वर्गाकडून.

रकाना ८. अडचणी, असल्यास

पाहुण्यांना घेऊन सर जेवायला गेले. ड्रायव्हर गाडी काढायला गेला, कारकून कचेरीत. मी खुर्चीवर बसून राहिले. मावशींनी दाराशी ठेवलेला झाडू घेतला.

“बाकीचं सांगा,” त्या म्हणाल्या. “खरं.”

मी सांगितलं. चार दिवस. दोन फोन. सुट्टी. नोटीस. किल्ली. शब्दाला शब्द, काही न गाळता.

“सुट्टी कसली होती?”

“मोठी असते त्यांची. सगळे आपापल्या घरी जातात.”

“घरी,” त्या म्हणाल्या. “हं.”

त्यांनी पहिल्या बाकाखालून सुरुवात केली. खडूचे तुकडे, पेन्सिलीचा भुगा. तिसऱ्या रांगेशी आल्यावर पाठ न उचलता म्हणाल्या:

“आणि तुम्ही लिहिलं होतं त्यांना. त्याचं उत्तर?”

“पाठवलंच नव्हतं.”

झाडू थांबला. परत सुरू झाला. माझ्या खुर्चीपाशी आला.

“पाय वर घ्या, बाई.”

मी पाय वर घेतले. त्यांनी खालून झाडलं, केर सुपलीत भरला, दिवा बंद केला. मी आत आहे हे त्यांना माहीत होतं.

रकाना ९. ठळक यश (कमाल पन्नास शब्द)

एका विद्यार्थिनीने अकरा महिन्यांत, पुस्तक विकत न घेता, प्रश्न विचारण्याइतपत भाषा आत्मसात केली. उत्तर समजण्याइतपतही.

रकाना १०. पुढील वर्षी देवाणघेवाणीसाठी शिफारस केलेला विद्यार्थी

पहिल्या बाकावरची मुलगी तीनदा येऊन गेली. हुशार आहे. तिच्या आईला घेऊन आली होती. आईने विचारलं, “बाई, तिकडे कोणी असतं ना लक्ष ठेवायला?”

(कोरा.)

रकाना २. प्रवेशित विद्यार्थी

पेन्सिल खोडली. कागदावर डाग राहिला आहे, पाहुण्यांनी समजून घ्यावं.

चार. मध्यंतरी पाच होते. पाचव्या आता येत नाहीत. मजला झाडतात, वर्ग सुटल्यानंतर, मी गेल्यावर.