ताज्या रंगाची पट्टी

नोरीनला पहिला संशय आला तो रंगामुळे. क्लाइव्हने दिलेली पोलादाची पट्टी जुनाट, काळपट होती. टोकाचा पिवळा पट्टा मात्र कालपरवाच ओढल्यासारखा ताजा.

"पिवळा म्हणजे लाल तापवून तेलात बुडवायचं, तसंच पाणी देऊन कडक करायचं पोलाद," तो म्हणाला होता. "आमचा पटाशीचा कारखाना बंद पडला तेव्हा उचलून आणलं. सुरीला याच्यासारखं दुसरं नाही."

हुऑन नदीकाठी नोरीन मासे कापायच्या सुऱ्या करायची. म्हातारा क्लाइव्ह तिचा शेजारी. एवढं चांगलं पोलाद हा फुकट का देतोय, ते तिला उमजेना.

तिने पट्टी ग्राइंडरला लावली. चांगल्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. या नुसत्या सरळ, लांब उडाल्या. साध्या लोखंडाच्या उडतात तशा. तरी तिने पातं घडवलं, भट्टीत लाल केलं, तेलात बुडवलं आणि कानस लावून पाहिली. कडक झालेल्या पोलादावरून कानस घसरते; ही खुशाल चावत गेली.

"वाटलंच मला!"

शनिवारच्या बाजारात मध विकणाऱ्या आयरिसने विचारलं, "नवी सुरी झाली का गं?"

"क्लाइव्हच्या पोलादाची? कुंपणाचं लोखंड रंगवून देतो म्हातारा."

"काहीतरीच! क्लाइव्ह?"

"दिसतो तेवढा भोळा नाही तो."

साधं लोखंड हाणलं की वाकतं; आता वाकलेलं पातंच त्याच्यापुढे टाकायचं, म्हणून घरी येऊन तिने ते व्हाइसमध्ये आवळलं आणि हातोडा हाणला. पातं वाकलं नाही. काडकन तुटलं. आत करडा, बारीक रवा, कडक पोलादाचा असतो तसा. कडेला तेवढी पातळ, निराळी साल. तिने साल घासून काढली. खाली कानस काचेवरून सटकावी तशी सटकली. कधीतरी आगीत तापून कस गेला होता तो फक्त वरच्या सालीचा. ठिणग्याही सालीच्याच होत्या.

ती तशीच क्लाइव्हकडे गेली.

"तुझं पोलाद अस्सल आहे रे."

"मला ठाऊक आहे. बाजाराला नाही. तिथलं आलं माझ्या कानावर." त्याने चहा ओतला.

"तो रंग ताजा होता..."

"जुना उडाला होता. तुझी गफलत नको म्हणून मीच लावला."

"चुकलं माझं. आयरिसला सांगते मी."

"सांग."

तिने सांगितलंही. क्लाइव्ह पुढेही पोलाद देत राहिला. पण दर वेळी आधी टोकाचा तुकडा कापायचा, त्याला पाणी द्यायचा, तिच्या देखत मोडायचा आणि दोन्ही अर्धुकं तिच्या हातावर ठेवायचा.

"राहू दे ना, क्लाइव्ह."

"नको," तो म्हणायचा. "बघून घे."