नाकारलेलं पार्सल

"पार्सल आलं होतं, सूनबाई. चिकटपट्टी फाडून पुन्हा लावलेली. मी घेतोय होय असलं! 'घेण्यास नकार' लिहिलं, सही ठोकली आणि दिलं परत."

सासरे दारातच छाती फुगवून सांगत होते. सून शिलाईच्या कारखान्यातून नुकतीच आली होती. तिची पिशवी खांद्यावरच राहिली.

म्हातारा पस्तीस वर्षं टपाल खात्यात घासलेला. फाटक्या पट्टीचं पार्सल घ्यायचं नाही, हे रक्तातच भिनलेलं. पण त्या खोक्यात सुनेच्या लेकीचं, भिंगरीचं सिरप होतं. चार वर्षांची पोर, तिला फिट्स यायच्या. सिरप सुरू झाल्यापासून त्या थांबल्या होत्या. मध्ये एकदा, एकच दिवस औषध चुकलं, तर पोर आईच्या मांडीवर ताठ झाली होती, ओठ निळे पडले होते. आता बाटलीत फक्त आज रात्रीपुरतं उरलं होतं.

"बाबा, ते भिंगरीचं औषध होतं."

म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

हे सिरप दुकानात मिळत नाही, ते घरपोच औषधं देणारी एक कंपनीच पाठवते. दवाखान्यात नेलं तर फिट आल्यावरची सुई मिळते, फिट न येण्याचं औषध नाही. आणि कंपनी काय विचारता! आधी म्हणे डॉक्टरांची चिठ्ठी वाचता येत नाही, मग म्हणे माल संपलाय. असे दहा दिवस खाल्ले. आता फोन लावला तर वीस मिनिटं नुसतं संगीत. आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे. मोलाचा म्हणे! शेवटी एक बाई म्हणाली, "ग्राहकाने माल नाकारलाय. नवीन ऑर्डर आठ दिवसांत येईल." आणि ठेवला.

"नाकारलेली पार्सलं साडेपाचच्या गाडीने जातात," सासरे चपला शोधत म्हणाले. "चल लवकर."

भिंगरीला कडेवर घेऊन ती धावली. टपालघर दोन चौक पलीकडे. जाळीमागे पोत्याच्या तोंडाशी खोकं दिसत होतं, हाताच्या अंतरावर.

"नकार लिहिला की पार्सल पाठवणाऱ्याचं," कारकून म्हणाला. "त्यांनी सांगितलं तरच देता येईल. आजोबा, तुम्हाला का मी नियम सांगायचा?"

"नियम बरोबर आहे," सासरे म्हणाले. तिला वाटलं, याच जाळीवर यांचं डोकं आपटावं.

तिने पुन्हा फोन लावला. आपण रांगेत अकरावे आहात. बाहेर गाडी मागे घेतल्याचा आवाज आला. सातवे. हमालाने पहिलं पोतं उचललं. चौथे. एवढ्यात कडेवरची भिंगरी एकदम गप्प झाली. मान वर, नजर एका जागी खिळलेली. आईने तिला गदागदा हलवलं.

"भिंगरी! ए भिंगरी!"

"आई, पाल," भिंगरी छताकडे बोट दाखवत म्हणाली.

हमाल आता त्या पोत्याकडे वळला. आणि सासरे जाळीचं दार ढकलून आत शिरले. ज्या माणसाने जन्मात टपालाच्या पोत्याला चुकून पाय लागू दिला नव्हता, तो त्या पोत्यावर बसला.

"काढा गाडी माझ्यावरून," ते म्हणाले.

कारकून ओरडला, हमाल हसला, कुणी त्यांचा दंड धरला. तेवढ्यात फोनमध्ये माणूस बोलला. तिला काय सांगावं सुचेना. "पोर मरेल हो माझी," एवढंच बोलून तिने फोन जाळीतून आत ढकलला. कारकून ऐकत राहिला, पार्सलचा नंबर वाचून दाखवला, मग म्हणाला, "आजोबा, उठा. द्या म्हणाले."

खोकं तिथेच फोडलं. तीनपैकी एक बाटली फुटली होती. वाटेत गळायला लागलं म्हणून टपालवाल्यांनीच उघडून पुसून पुन्हा चिकटवलं होतं. दोन बाटल्या धड होत्या. तिने त्या चिकट हातांनी छातीशी धरल्या आणि भर टपालघरात रडली.

येताना सासरे चार पावलं मागे चालत होते. चौकात आल्यावर ते म्हणाले, "मी नोकरीत असताना माझ्या खिडकीशी एक बाई आली होती अशीच. नाकारलेलं पार्सल परत मागत होती. पार रडवेली झाली होती. मी नियम सांगून पाठवून दिली."

ती थांबली.

"आत काय होतं, ते मी विचारलंच नाही गं."