अकरा वाजता झोपणारा नकाशा

पाणीपुरवठा खात्याचा नकाशा रोज सकाळी अकराच्या सुमारास झोपायचा. त्याआधी तो ठणठणीत असे. पडद्यावर बोट लावलं की गल्ली उघडायची, गल्लीतला व्हॉल्व्ह दिसायचा, तो चालू आहे की बंद तेही दिसायचं. अकरा झाले की एक गोल फिरू लागे आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत फिरत राही. सुट्टीत नकाशा पुन्हा ताजातवाना. खात्यातल्या लोकांना यात काही वावगं वाटलं नाही. त्यांचंही वेळापत्रक साधारण असंच होतं.

वावगं वाटलं ते फक्त नकाशेबाईंना. त्यांचं खरं पद इतकं लांबलचक होतं की दारावरच्या पाटीत ते मावलं नव्हतं. पाटी अर्ध्या शब्दावर संपत होती. म्हणून नकाशेबाई. नकाशाचा सर्व्हर सांभाळायचा, त्यातली माहिती ताजी ठेवायची, आणि बिघाड झाला की सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, हे त्यांचं काम. बसायची जागा म्हणजे पूर्वीचं पाणीमीटरांचं कोठार. मशीन गरम होऊ नये म्हणून खोली एवढी थंड ठेवलेली असायची की बाई बारा महिने स्वेटरमध्ये. बाहेरून येणाऱ्याला वाटे, बाईंना ताप आहे.

हा नकाशा येण्याआधी मुकादम कागदी नकाशे घेऊन हिंडायचे. ते घडी घालून खिशात ठेवत. जिथे घडी पडायची तिथले व्हॉल्व्ह आधी पुसट झाले, मग तिथे भोकं पडली. शहराचे कितीतरी व्हॉल्व्ह असे घडीत गेले. बाईंनी ते एकेक करून पुन्हा शोधले, रस्त्यात उकिडवं बसून झाकणं उघडली, आणि नकाशावर चढवले. मुकादमांच्या हातात टॅब द्यायचा म्हटल्यावर एकही जण पुढे येईना. शेवटी बाईंचे धाकटे दीर, जे त्याच खात्यात मुकादम होते, ते पुढे आले. नाही म्हटलं असतं तरी संध्याकाळी त्याच घरी जायचं होतं. बाकीचे त्यांना बरेच दिवस विचारत, "काय रे, वहिनींनी पाटी दिली, पेन्सिल नाही दिली?"

आता प्रश्न आजच्या दिवसाचा होता. हॉस्पिटलच्या रस्त्यावर नव्या मोठ्या जलवाहिनीचा जोड द्यायचा होता. त्यासाठी दुपारी बारा वाजता तिथलं पाणी बंद करायचं. नेमके कुठले व्हॉल्व्ह बंद केले म्हणजे रस्ता कोरडा होतो पण हॉस्पिटलला मागच्या बाजूने पाणी येत राहतं, हे नकाशा सांगत होता. कागदावर तो भाग घडीत होता. कागदावरून काम करायचं तर एकच खात्रीचा उपाय: सगळा भाग बंद करायचा, हॉस्पिटलसकट, संध्याकाळपर्यंत.

आणि मुख्य साहेबांनी कालच बाईंना बोलावून सांगितलं होतं.

"बाई, उद्या ऐन कामात हा झोपला, तर परवापासून आपला कागद बरा. हे मशीन बिलवाल्यांना देऊन टाकू. ते कधीचे मागताहेत."

"आणि मी?"

"तुम्हीही जाल की मशीनबरोबर. तिकडे थंडी नाही." साहेबांनी हे मनापासून सांगितलं होतं.

म्हणून आज बाई लवकर येऊन बसल्या होत्या. उपाय सगळे करून झाले होते. मशीनची डिस्क भरली नव्हती. मेमरी पुरेशी होती. माहितीचा साठा विचारल्या प्रश्नाला तत्काळ उत्तर देत होता. सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत केंद्रातला माणूस दर वेळी तेवढ्याच आपुलकीने विचारायचा, "मॅडम, रीस्टार्ट करून बघितलंत का?" आणि नाहीच जमलं तर मोठं मशीन घ्या म्हणायचा.

रीस्टार्ट बाईंनी इतक्या वेळा केलं होतं की ते बटण दाबायला आता बघावं लागत नसे. पण आज सकाळी स्वेटरची बटणं लावता लावता त्यांच्या लक्षात आलं, की चूक इथेच होतेय. गोल फिरला की फोन वाजायचे, फोन वाजले की रीस्टार्ट. म्हणजे चोर घरात शिरला की आपण दिवे घालवून पुन्हा लावायचे आणि म्हणायचं, कुणीच नाही. झोपेच्या वेळी नकाशा नेमकं काय करत असतो, हे कुणी बघितलंच नव्हतं.

"आज झोपू दे," बाई स्वतःशी म्हणाल्या. "पण मी उठवणार नाही. बघत बसणार."

सर्व्हर कसा चालतो हे बाई मुकादमांना सांगायच्या ते असं: आत सहा नकाशे काढणारे बसलेत असं समजा. तुम्ही टॅबवर बोट लावलं की त्यातला एक तुमची गल्ली काढून देतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत. सहाही जण कामात असले की सातव्याने रांगेत उभं राहायचं. रांगेत उभं राहणं म्हणजेच तो फिरणारा गोल.

अकरा वाजले. गोल फिरू लागला. फोन वाजला, रस्त्यावरून दीर.

"वहिनी, झोपला."

"झोपू द्या, भाऊजी."

"झोपू द्या काय? इथे मामा कागद उघडून बसलेत." मामा म्हणजे खात्यातले सर्वांत जुने मुकादम; ते कुणाचेच मामा नव्हते. "वाऱ्याने उडतोय म्हणून त्यावर बूट ठेवलाय त्यांनी. म्हणतात, तुमचा नकाशा उठेपर्यंत मी अख्खा भाग बंद करून घरी जाऊन येतो."

"मामांना सांगा, बूट तसाच राहू द्या. आणि मी सांगेपर्यंत एकाही व्हॉल्व्हला हात लावायचा नाही."

मग त्यांनी लॉग उघडला. कोण काय मागतंय याची नोंद तिथे पडत असते. रस्त्यावरच्या माणसांच्या मागण्या लहान असायच्या: ही गल्ली, तो चौक. त्या सगळ्या रांगेत उभ्या होत्या. आणि सहाही जण एकच मागणी पुरी करत होते: अख्खं शहर, सगळ्या जलवाहिन्या, सगळे व्हॉल्व्ह, आणि शहरातल्या प्रत्येक घराचा प्रत्येक नळ. काढून झालं की पाच सेकंदांत पुन्हा तेच. मागणारे पाच-सहा संगणकांचे पत्ते होते, आणि ते सगळे याच इमारतीच्या वरच्या मजल्यावरचे.

बाईंनी मागच्या नोंदी चाळल्या. रविवारी नकाशा उत्तम. सुट्टीच्या दिवशी उत्तम. सगळे साहेब दौऱ्यावर गेले होते तो आठवडा तर नकाशाच्या आयुष्यातला सोन्याचा.

बाई उठल्या आणि जिना चढल्या.

वरच्या मजल्याची गोष्ट अशी होती. मध्यंतरी बाहेरून काही पाहुणे येऊन गेले. त्यांना दाखवायला प्रत्येक साहेबाच्या खोलीत भिंतीएवढा पडदा लावला आणि त्यावर नकाशा. तेव्हा बाई रजेवर होत्या. पडदे पुरवणाऱ्यानेच सगळं जोडून दिलं. साहेबांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, रिकामा वाटतो. घरोघरचे नळ अगदी जवळ गेल्यावरच दिसावेत असा नियम बाईंनी घातला होता, कारण लांबून ते दिसून उपयोग नव्हता. पुरवठादाराने पडद्यांपुरता तो नियम काढून टाकला. अख्खं शहर एक काळा डाग झालं. साहेब त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले, "आता कसं भरल्यासारखं वाटतं." मग म्हणाले, जिवंतही वाटलं पाहिजे. म्हणून दर पाच सेकंदांनी तो पुन्हा काढायची सोय झाली. पाहुणे गेले, डाग राहिला. साहेब अकराला आले की शिपाई पंखा, दिवा आणि शहर ही तिन्ही बटणं लावायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत काटकसर म्हणून बंद करायचा.

मुख्य साहेबांच्या खोलीत पडदा त्यांच्या खुर्चीच्या मागे होता. म्हणजे तो साहेब सोडून सगळ्यांना दिसत असे. बाईंनाही; पण ते एकदाच काढून लावलेलं चित्र असेल असं त्या समजत होत्या.

"साहेब, नकाशा कशाने झोपतो ते सापडलं," बाई म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. "असं आहे तर," ते म्हणाले, "बाकीच्यांचे पडदे लगेच बंद करा. हवेत कशाला त्यांना? माझा राहू द्या. एकाने काय होतंय?"

बाई शेजारच्या खोलीत गेल्या. शेजारचे साहेब म्हणाले, "अगदी बरोबर. उधळपट्टी आहे ही. मुख्य साहेबांचा केलात ना बंद? नाही? मग आधी तो करा, माझा काय, कधीही करा." त्यापलीकडचे साहेब म्हणाले की त्यांचा पडदा सगळ्यांत लहान आहे, त्याला इतक्यात कशाला धरता. चौथे साहेब येऊन बाहेर गेले होते. त्यांचं शहर रिकाम्या खोलीत इमानेइतबारे जिवंत होत होतं. तिथला शिपाई म्हणाला, "बाई, मी बटण दाबलं तर साहेब विचारतील, माझी बदली झाली का."

बाई जिन्याच्या तोंडाशी क्षणभर थांबल्या. फोन वाजत होता.

"वहिनी, पाणी बंद करायची वेळ झाली. मामांनी बूट काढला."

"पायात घातला?"

"पायात घातला आणि मोठ्या व्हॉल्व्हकडे निघालेत."

"त्यांना अडवा. माझं नाव सांगून अडवा."

"तुमचं नाव सांगितलं की ते जास्त जोरात चालतात."

"मग झाकणावर जाऊन बसा, भाऊजी. मामा तुम्हाला उचलणार नाहीत. त्यांची कंबर धरलेली असते."

खाली येऊन बाई खुर्चीत बसल्या. भिंती साहेबांच्या होत्या. पडदे साहेबांचे होते, बटणं शिपायांची होती. पण मागितलं त्याला काय द्यायचं, हे सर्व्हरच्या हातात होतं, आणि सर्व्हर बाईंच्या हातात.

त्यांनी त्या काळ्या डागाची एक प्रत, एकदाच, काढून ठेवली. भिंतीवरून मागणी आली की नवा नकाशा काढायचा नाही. हीच तयार प्रत द्यायची, पाच सेकंदांनी पुन्हा हीच, दिवसभर हीच. आणि सहाही काढणारे फक्त रस्त्यासाठी. हे सारं लिहायला फार वेळ लागला नाही, पण ते लागू करायचं तर नकाशाची सेवा थांबवून पुन्हा सुरू करावी लागणार होती. सुरू झाली नाही तर मामा, मोठा व्हॉल्व्ह, आणि उद्या बिल विभाग. बाईंनी प्रत्येक ओळ पुन्हा वाचली. एका ठिकाणी भिंतींऐवजी रस्त्यालाच प्रत देण्याची सोय झाली होती. ती सुधारली. पुन्हा वाचलं. मग सेवा थांबवली, आणि सुरू केली.

"भाऊजी, बघा."

पलीकडे टॅबवर बोट आपटल्याचा आवाज आला.

"चौक आला," दीर म्हणाले. "व्हॉल्व्ह आले. वहिनी, हा पळतोय की."

"झाकणावरून उठा आणि कामाला लागा."

मग बाईंना त्यांच्या पडद्यावर काम दिसू लागलं. एक व्हॉल्व्ह हिरव्याचा लाल झाला. दुसरा झाला. तिसऱ्यापाशी सगळं अडलं.

"हा नुसताच फिरतोय," दीर म्हणाले. "आतून तुटलाय. मामा म्हणतात, बघा, शेवटी अख्खा भागच बंद करावा लागणार."

"मामांना म्हणावं, नकाशात त्याच्या अलीकडे अजून एक आहे. भिंतीलगत. त्यावर कुणीतरी दुचाकी लावलेली असेल."

"आहे दुचाकी."

"ती काढा."

दुचाकी हलली. चौथा व्हॉल्व्ह लाल झाला. रस्ता कोरडा पडला, आणि दीरांनी एका माणसाला हॉस्पिटलात पिटाळलं. तो फोनवर आला तेव्हा मागून कुणीतरी त्याला रागावत होतं.

"पाणी येतंय," तो म्हणाला. "चांगलं धो धो येतंय. इथल्या नर्सबाई विचारताहेत, तुम्ही कोण आणि नळ का सोडून ठेवलाय."

बाईंनी स्वेटरच्या बाह्या खाली केल्या आणि पुन्हा जिना चढल्या. गप्प बसल्या असत्या तर चाललं असतं. पण पुढच्या पाहुण्यांच्या वेळी पुन्हा कुणीतरी काहीतरी जोडून देणार, हे त्यांना दिसत होतं.

मुख्य साहेब खुशीत होते. "ऐकलं मी. झालं ना काम? मी म्हणतच होतो, पडद्याचा काही संबंध नाही. हा बघा, चालूच आहे."

"साहेब, तो फोटो आहे."

"कुठला?"

"तुमच्या मागचा. मघापासून तोच आहे. म्हणून काम झालं."

साहेबांनी बहुधा पहिल्यांदाच खुर्ची मागे वळवली. डागाकडे बराच वेळ पाहिलं. डागाने पाच सेकंद काढले, लुकलुकला आणि होता तसाच राहिला.

"बाकीच्यांकडेही फोटोच?"

"सगळ्यांकडे."

"सारखाच?"

"सारखाच."

साहेबांचा चेहरा जरा सैल झाला. "मग हरकत नाही," ते म्हणाले. "फक्त बोलू नका कुणाशी."

"नाही बोलत. पण इथून पुढे नकाशाला काहीही जोडायचं असेल, पडदा असो नाहीतर पाहुणे, तर आधी माझ्याकडे यायचं. हे तुम्ही सगळ्यांना सांगा. मी सांगितलं तर चालणार नाही."

"सांगतो."

"आज सांगा, साहेब. आणि मशीन?"

"मशीनचं काय? मशीन आहे तिथेच राहील. बिलवाल्यांनी आपलं बघावं." साहेबांनी फोन उचलला, नंबर फिरवला, आणि बाई जात नाहीत असं पाहून खरंच बोलायला लागले.

सांगून होईपर्यंत बाई दारात उभ्या राहिल्या. मग खाली आल्या, तो तुटलेला व्हॉल्व्ह नकाशावर शोधला आणि त्याच्याजवळ लिहिलं: निकामी, बदलणे. अलीकडच्या व्हॉल्व्हवर दुचाक्या लावू देऊ नये.

फोन वाजला.

"वहिनी," दीर म्हणाले, "आत्ता तुम्ही काही लिहिलंत का? इथे मामांना दिसलं. ते विचारतात, अक्षर जरा मोठं करता येईल का."

"येईल," बाई म्हणाल्या, आणि अक्षर मोठं केलं.