शकुबाईच्या कॅसेटची न ऐकलेली बाजू

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. आखाडा बाळापूरजवळच्या एका गावात, मारुतीच्या देवळात, काचेच्या पेटीत मी राहते. पेटीला कुलूप आहे. रोज मला झेंडूचा हार मिळतो, पण गेली सात वर्षं मला कुणी वाजवलेलं नाही.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाँद पाशाने मला बाळापूरच्या बाजारातून आणलं. तेव्हा हळद निघाली होती. बाया कंद मोडत बसायच्या आणि त्यांच्यातलीच शकुबाई त्यांना रामायण सांगायची. काय सांगायची म्हणून सांगू! हात थांबायचे, मुकादम ओरडायचा. लग्नघरच्या बाया आल्या की सीतेचं स्वयंवर दुपारभर चालायचं. लेकरं जमली की मारुतीची शेपटी संपता संपत नसे. एकदा चाँद पाशाची आई मदीनाबी म्हणाली, "सीतेची माय कुठं होती गं तवा?" दुसऱ्या दिवशी शकुबाईच्या रामायणात सीतेची माय दारात उभी राहून रडली.

चाँद पाशाने मला आवाज भरायच्या यंत्रात घातलं त्या दिवशी शकुबाईने राम-सीतेला अयोध्येत आणलं, सुखाने नांदवलं आणि गोष्ट संपवली. माझी पहिली बाजूही संपली. चाँद पाशाने मला उलटी करून बटण दाबलं. ऐकणाऱ्यांतली जमनाबाई पाणी आणायला उठली होती. तेवढ्यात मदीनाबीने विचारलं, "काल तर सीतेला वनात धाडली होतीस. आज काहून न्हाई?"

शकुबाई हळू आवाजात म्हणाली, "जमना बसली व्हती ना समोर. परवाच नवऱ्यानं तिला माहेरी आणून टाकली. तिच्या देखत रामाच्या तोंडून तसलं बोलणं कसं काढू? उद्या ती नसली तर सांगीन की."

हे सगळं माझ्या दुसऱ्या बाजूवर आहे. पण चिठ्ठी चिकटवली ती पहिलीवर. दुसरी कोरी दिसते, म्हणून ती रिकामीच असणार असं सगळ्यांनी धरलं. पुढे शकुबाई गेली, मदीनाबी गेली, चाँद पाशाही गेला. देवळाचे पंच अमृतराव यांनी मला मोबाइलमध्ये उतरवून घेतलं, तेही एकाच बाजूने. मग मला पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि गावाला सांगितलं की खरं रामायण हेच.

परवा रामनवमीला शकुबाईची नात आकांक्षा सांगायला बसली. आजीचाच गळा आहे तिला. सीता वनात निघाली तशा बाया पदर डोळ्यांना लावू लागल्या. अमृतराव मधेच म्हणाले, "थांब पोरी. कॅसेटमधी हे न्हाई. काहून मनचं घालून राहिली?"

"आजी मला असंच सांगायची, काका."

त्यांनी मोबाइल लावला. शकुबाईच्याच आवाजाने शकुबाईची नात खोटी पडली. पोरगी उठून गेली. तेव्हापासून तिने तोंड उघडलेलं नाही. मी तिथेच होते, दोन हातांच्या अंतरावर. माझ्या पोटात तिची साक्ष होती आणि मला हलताही येत नव्हतं. लाज वाटली मला, मित्रांनो. ज्या शकुबाईने एक गोष्ट कधी दोनदा सारखी सांगितली नाही, तिला मी एकाच दुपारीत कोंडून ठेवलंय.

जमनाबाई आता म्हातारी झाली आहे. दर शनिवारी येते, पदराने काच पुसते आणि विचारते, "शकु, त्या दिशी माझ्यापायीच बदललंस न्हाई का गं?"

उत्तर तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर आहे.

मित्रांनो, जुनी कॅसेट पुजायची वस्तू नाही, ऐकायची आहे. तुमच्यापैकी कुणी या देवळात आलं तर अमृतरावांकडून किल्ली मागून घ्या आणि मला उलटी करून लावा. आकांक्षाला बोलवा. पण जमनाबाईला अगदी यंत्राजवळ बसवा. तिला हल्ली कमी ऐकू येतं.