न पाजलेलं पाणी

पाणीवाले बाबा वॉर्डात शिरले आणि पाहुण्यांनी खाटेभोवती कडं केलं. खाट आणि भिंत यांच्या फटीत सून अडकली. कडेवर बाळ, समोर तांब्या घेतलेल्या सासूबाई. बाहेर पडायला वाट नाही.

सकाळी सासऱ्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. दुपारपासून ते बरळत होते, "दिवे लावा रे! काहीच दिसत नाही!"

"बाधा!" बाबांनी डोळे मिटूनच निदान केलं. "माझं पाणी चार तांबे पाजा. दिवस मावळायच्या आत दृष्टी देतो. मागच्या आठवड्यात याच वॉर्डात याच ऑपरेशनच्या दोघांना दिली!"

सासूबाई पुढे सरसावल्या. सुनेनं हात आडवा धरला. "आई, नको. सिस्टर पाणी देऊ नका म्हणाल्यात."

"शिकलीस म्हणून माझ्या भावाला आंधळा ठेवणार का?" आत्याबाई कडाडल्या.

सुनेला शंका आली. आपलंच चुकलं तर? तरी तिनं विचारलं, "बाबा, पलीकडे मोतीबिंदूवाले आहेत. त्यांना का नाही देत दृष्टी?"

"त्यांची बाधा वेगळी."

"आणि या ऑपरेशनवाल्यांची तेवढी सोयीची?"

कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात सिस्टर रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या.

"तांब्या खाली ठेवा! ऑपरेशनच्या वेळी आतली जागा पाण्यानं सतत धुवावी लागते. ते पाणी उघड्या शिरांतून रक्तात गेलंय. रक्तातलं मीठ पातळ झालं, मेंदूला सूज आली, म्हणून आजोबा बरळतायत. त्या पाण्यातल्या औषधानं डोळ्यांपुढे अंधार येतो. यकृत ते मोडून टाकतं, जादा पाणी लघवीवाटे जातं आणि नजर आपोआप परत येते. वरून चार तांबे ओतलेत तर मीठ आणखी उतरेल. झटके येतील, जीवही जाईल." मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही आमच्याच थिएटरात बादल्या उचलायचात ना? नजर केव्हा येते, पाठच असेल तुम्हाला."

बाबांना अचानक दुसरा भक्त आठवला.

डॉक्टरांनी मिठाचं सलाईन हळूहळू, रक्त तपासत तपासत दिलं. सून त्याच फटीत बसून राहिली.

संध्याकाळी सासरे पुटपुटले, "अगं, बाळाचं नाक वाहतंय. पूस की."

बाबांच्या पाण्याचा घोटही पोटात गेला नव्हता. मग दृष्टी दिली कुणी? माणूस बरा झाला की आधी काय पाजलं एवढंच विचारू नका. ते पाजलं नसतं तर काय झालं असतं, हेही विचारा.