गच्चीवर वाढलेल्या सळया

सांगितलं तर कोणाला पटणार नाही, पण थापाड्याच्या गच्चीवर लोखंड वाढलं. तेही भर दुपारी, बायकोची एक झोप होईतो.

थापाड्या म्हणजे जन्मभर सळया वाकवून तारेनं बांधणारा फिटर. स्वतःचं घर बांधताना त्यानं खांबांच्या सळया गच्चीच्या वर सोडून ठेवल्या. कोणी विचारलं की म्हणायचा, "तो लेकीचा मजला. अजून दिसत नाही, एवढंच."

आता लेकीला खरंच मजला हवा होता. पण ठेकेदारानं गच्चीवर येऊन नाक मुरडलं. "खांबातून वीतभर टोकं निघालीत नुसती. नवी सळई जुनीच्या शेजारी बांधायची, तर जुनी दोन हात तरी उघडी हवी. नाहीतर जोड धरत नाही. उद्या येऊन कापून टाकतो."

लेक जिना उतरताना एवढंच म्हणाली, "आई, आम्ही भाड्याचं बघतो. लांब पडेल, पण येत जाऊ."

थापाड्या जेवायला बसला. ज्या मजल्याच्या जिवावर इतकी वर्षं बढाया मारल्या, तो वीतभर कसा निघाला? मग ताट तसंच सारून तो वर गेला.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार कापायचं यंत्र घेऊन आला, आणि यंत्र खाली ठेवून उभा राहिला. गच्चीपासून त्याच्या कमरेपर्यंत सळया उघड्या होत्या. एक धरून त्यानं गदागदा हलवली. जागची हलली नाही.

"जोड बसेल," तो म्हणाला. "पण बाबा, हे झालं कसं?"

"मुळाशी पाणी घातलं," थापाड्या गंभीरपणे म्हणाला. "करकर आवाज करत वाढल्या. एक तर ढगाला टोचायला निघाली होती, दटावून खाली बसवली."

लेकीनं तोंडावर पदर धरला. खांद्यावर चादर टाकून बायको जिन्यात उभी होती.

"गंजू नयेत म्हणून यांनीच तेव्हा सिमेंटचा हलका माल थापून वीतभर टोकं सोडून सळया झाकल्या होत्या, आणि विसरले. काल दुपारभर वर छिन्नी वाजत होती, मी काय बहिरी आहे? वाळत घातलेल्या चादरीवर सगळा सिमेंटचा भुगा. वाढल्या म्हणे."