आईच्या गुडघ्याची चर्चा

“‘हाउ आर यू’ विचारू नकोस हं,” शुभा कुजबुजली. “डायरेक्ट मुद्द्यावर ये.”

एकनाथने मान डोलावली. समोर कागदावर प्रश्न लिहून ठेवले होते आणि त्याची बायको हातात स्वयंपाकघरातला टायमर घेऊन उभी होती. वकिलाचा नंबर एकनाथने दोनदा चुकीचा दाबला. इथली, अमेरिकेत सांता क्लारातली नोकरी गेली त्या दिवशीही तो इतका घाबरला नव्हता. तेव्हा निदान सोबतीला अख्खा मजला होता.

नोकरी गेल्यावर त्याने औषधांच्या दुकानांसाठी एक कॉम्प्युटर प्रोग्राम विकायला काढला. तीन दुकानांनी घेतलाही. घराचा हप्ता आता त्याच्याच भरवशावर होता. तेवढ्यात जुन्या कंपनीचं पत्र आलं: हा प्रोग्राम तुम्ही आमच्या पगारावर असताना लिहिलात, तेव्हा तो आमचा.

असल्या भांडणांतला वकील म्हणून हॉलिस मिळाला. माणूस गोड. पहिल्याच फोनवर त्याने विचारलं, “घरचे सगळे कसे आहेत?” नागपूरच्या माणसाला असं विचारून चालत नाही. एकनाथने रीतसर आईच्या गुडघ्यापासून सुरुवात केली. गुडघा बराच वेळ चालला. मग हॉलिसला दुसरा फोन आला आणि विषय तिथेच राहिला.

महिनाअखेरीस बिल आलं. त्यात एक ओळ होती: ‘अशिलाशी फोनवर चर्चा. विषय: अशिलाच्या आईचा गुडघा. तीन दशांश तास.’

“डॉक्टरनं कमी घेतले असते रे,” शुभा म्हणाली.

वकील तासाचे दहा तुकडे करून विकतो आणि तुकड्याला नुसतं बोट लागलं तरी तो अख्खा आपल्या पानात पडतो, हे त्या दिवशी कळलं. ईमेल वाचली, तुकडा. उत्तर दिलं, तुकडा. शुभाने हॉलिससाठी आणलेलं ख्रिसमसचं कार्ड एकनाथने ड्रॉवरमध्ये दडवलं. न जाणो, वाचलं तर! हळूहळू भीती घरातही शिरली. शुभाने “कसला विचार करतोयस?” म्हटलं तरी तो घड्याळाकडे बघून “काही नाही” म्हणायचा.

आता फोनच्या पलीकडून हॉलिसचा आवाज आला. एकनाथने एका दमात प्रश्न वाचून दाखवले.

“आधी मला एक सांगा,” हॉलिस म्हणाला. “हा प्रोग्राम कंपनीत असतानाच लिहिलात?”

“हो.” पुढे एक ‘पण’ अगदी ओठांवर आला होता. शुभाने टायमर नाचवला. एकनाथने ‘पण’ गिळला.

“मग लढण्यात अर्थ नाही,” हॉलिस हळू आवाजात म्हणाला. “देऊन टाका. निदान कोर्टात तरी खेचणार नाहीत.”

पुढच्याच आठवड्यात हॉलिसच्या ऑफिसात सह्या झाल्या. प्रोग्राम कंपनीचा झाला. हॉलिस लिफ्टपर्यंत सोडायला आला.

“विचारायचं राहूनच गेलं. प्रोग्रामचं नाव ‘सुमित्रा’ का?”

एकनाथने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “याचे पैसे लागतील?”

“नाही हो.”

“सुमित्रा माझी आई. नागपुरात तिचं औषधांचं दुकान होतं. एक्स्पायरी झालेल्या बाटल्या शोधायला दिवसभर स्टुलावर चढउतार करायची. गुडघे गेले तिचे. म्हणून कॉलेजात असताना मी तिला हा प्रोग्राम लिहून दिला. इथे कंपनीत असताना फक्त नवीन कॉम्प्युटरवर चालेलसा केला.”

हॉलिसच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “कोणत्या साली?”

“एक्याण्णव. दुकानाची बिलं त्यावरच छापायचो. तारखांसकट गठ्ठे पडलेत घरी.”

लिफ्ट आली, उघडली, थोडी थांबली आणि रिकामीच खाली गेली.

“एकनाथ, हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“सांगत होतो,” एकनाथ म्हणाला. “गुडघ्यापासून सुरुवात केली होती.”

शेवटचं बिल आलं, ते शुभाने उघडलं. मनातल्या मनात वाचलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. सगळ्यात खाली लिहिलं होतं:

‘लिफ्टपाशी चर्चा. विषय: अशिलाची आई. आकारणी नाही.’